केपटाऊन किती लांब?

खेड तालुक्यातल्या बऱ्याच कोकणी घरांची एखादी फांदी केपटाऊनमध्ये असते. आमचीही होती. मोठी फुफी 1952 साली लग्न होऊन तिकडे गेली. 'करंजा' आणि 'कंपाला' या बोटी तेव्हा मुंबईहून आफ्रिकेच्या किनाऱ्याची बंदरे घेत डर्बनला जात. पुढे केपटाऊनपर्यंत आगगाडी. ती वेळेत गेली म्हणायचे, कारण पुढच्याच वर्षी तिथल्या गोऱ्या सरकारने हिंदुस्थानातून नवऱ्याकडे येणाऱ्या बायकांना दार बंद करणारा कायदा केला.

आता विमान आहे. मुंबई ते केपटाऊन सरळ रेघेत साधारण 8,230 किलोमीटर. विमान ताशी नऊशेच्या आसपास उडते, म्हणजे दहा तासांत पोचायला हवे. पण आम्ही जातो दुबईवरून. मुंबई-दुबई सुमारे 1,930 किलोमीटर, तीन तास. दुबई-केपटाऊन सुमारे 7,640, साडेनऊ तास. वळशाचे तेराशेहून जास्त किलोमीटर वाढतात. दुबईतला थांबा दोन तासांचाही असतो, दहाचाही. तिकीट स्वस्त दिसले की थांबा लांब, हे ओळखून घ्यावे.

गेल्या वर्षी फुफीच्या इंतकालचा फोन आला, तेव्हा आमच्याकडे रात्रीचे अकरा वाजले होते, तिथे साडेसात. दफन दुसऱ्या दिवशी जोहरनंतर, म्हणजे आपल्या संध्याकाळी पाचच्या सुमारास. हातात अठरा तास. अब्बा आता ऐंशीच्या पुढचे. कागद घेऊन हिशेब करायला बसले. खेड ते मुंबई रात्रीची गाडी, पाच-सहा तास. विमानतळावर तीन तास आधी. मग तीन, मग थांबा, मग साडेनऊ. व्हिसा सोडूनच द्या, तरी बेरीज साडेबावीसच्या खाली येईना. त्यांनी ती दोनदा केली. मी काही बोललो नाही. भावाची वाट बघत मय्यत ठेवा, असे कोणी सांगणार नव्हते, आणि सांगूही नये.

आम्ही शाफई. आमच्याकडे गायबाना जनाजा पढता येतो. हनफी भावांचे मत वेगळे आहे, त्यावर वाद घालायची ही जागा नव्हे. हबशाचा राजा नजाशी वारला, तेव्हा प्यारे नबी (स.) यांनी मदिनेत त्याच्यासाठी ही नमाज पढवली होती. तोही आफ्रिकेतलाच.

तिकडून दफन झाल्याचा निरोप आला. मगरिबनंतर मोहल्ल्याच्या मशिदीत सफी लागल्या. अब्बांना खुर्ची दिली होती, पण ते उभे राहिले. आमचा किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. केपटाऊनचा उत्तरेकडे, थोडा पूर्वेला. फुफीला कबरीत त्याच बाजूला तोंड करून ठेवले होते. घरी येताना अब्बांनी विचारले, "मक्का तिकडून किती लांब?"

"साडेसहा हजार किलोमीटर असेल."

"आणि आपल्याकडून?"

"साडेतीन हजार."

ते मान हलवत चालत राहिले.