टेबलावर घेण्याआधी

भूलतज्ज्ञ म्हणजे झोपवणारा डॉक्टर, असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात आम्ही माणसाचा श्वास काही काळ आमच्या हातात घेतो. घशात नळी, व्हेंटिलेटर, घसरलेलं प्रेशर वर आणणारी इंजेक्शनं. वॉर्डात ज्याला जीव वाचवण्याची धडपड म्हणतात, त्यातलं बरंचसं आमचं रोजचं काम. त्यामुळे ‘हृदय थांबलं तर ते पुन्हा सुरू करू नका’, असं सांगणारा पेशंट आला की पंचाईत होते.

असा पेशंट ऑपरेशनला येतोच कशाला, असं विचारणारे सर्जनही भेटतात. एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा कॅन्सर हाडांत उतरला होता आणि खुबा मोडला होता. रॉड घातला नसता तर कूस बदलणंही जीवघेणं झालं असतं. त्यांना आयुष्य वाढवून नको होतं, उरलेले दिवस कण्हण्यात घालवायचे नव्हते, इतकंच.

आदल्या संध्याकाळी त्यांच्या खाटेशी बसलो.

“बाई, पाठीत भूल दिली की प्रेशर उतरू शकतं. औषधानं ते वर आणतो. चालेल?”

“चालेल.”

“श्वास मंदावला तर थोडा वेळ नळी?”

“थोडा म्हणजे किती?”

मुलगा मध्येच म्हणाला, “डॉक्टर, जे करता येईल ते सगळं करा.” बाईंनी त्याच्याकडे न बघताच उत्तर दिलं, “पेपर माझा आहे.”

शेवटी ठरलं ते असं: भुलीमुळे बिघडलेलं आणि चटकन निस्तरता येणारं जे असेल, ते निस्तरायचं. छाती दाबायची नाही. नळी लागलीच तर ती लांबू द्यायची नाही. हे केसपेपरवर लिहिलं आणि सर्जनला दाखवलं. ‘टेबल डेथ’ हा शब्द आमच्याकडे इतका धसका देतो की तोंडी ठरलेलं थिएटरच्या दाराशीच विरघळतं.

अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९३ सालीच बजावलं होतं, की ऑपरेशन आहे म्हणून अशी इच्छा आपोआप रद्द धरू नका, पेशंटशी पुन्हा बोला. पुन्हा बोलण्याला कारणही आहे. भुलीत हृदय थांबलं तर कारण बहुतेकदा समोर दिसत असतं आणि माणूस परत येण्याची शक्यता वॉर्डातल्यापेक्षा बरी असते. हे समजल्यावर काही पेशंट स्वतःच म्हणतात, तेवढ्यापुरतं सगळं करा. तेही मान्यच.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेली इच्छा, मान्य केलं. २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. सीपीआर न करण्याबाबत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं २०२० सालची. पण पेशंट रिकव्हरीतून वॉर्डात गेल्यावर ती इच्छा नेमकी कधीपासून पुन्हा लागू, हे कागदावर क्वचितच सापडतं. रात्री ड्युटीवरच्या पोराला कोणी काही सांगितलेलं नसतं. मॉनिटर वाजला की तो छाती दाबणारच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला तेच शिकवलंय.

बाईंच्या कागदावर वेळ लिहिली होती. त्या पाठीतल्या भुलीवर निभावल्या, नळी लागली नाही.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञाला गाठा. काय करायचं, काय नाही आणि कधीपासून, हे पेशंटच्या तोंडून त्याला ऐकू द्या आणि लिहून घ्यायला लावा. तो घाईत असेल, तरी थांबवा.