नाकात शिसं

डब्याच्या झाकणावर मिग-२१ झेपावत होतं. आत करड्या प्लास्टिकच्या चौकटी आणि त्यांना काड्यांनी जोडलेले बारीक बारीक तुकडे. भाचा ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात आहे. ही विमानं १९६०च्या दशकापासून तिथे बनली, आणि २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये हवाई दलाने त्यांना निरोप दिला. तेव्हापासून तो जरा हळवा झालाय. "मामा, वेळ जाईल तुमचा," म्हणाला आणि डबा पाठवून दिला.

माझी नोकरी इटियाडोह धरणाच्या कालव्यांवर गेली. दार किती उचललं की शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचतं, हे मला कळतं. विमानातलं काही कळत नाही.

डब्यावर १:७२ लिहिलं होतं. बहात्तरच का? भाच्याने फोनवर सांगितलं: सहा फूट म्हणजे बहात्तर इंच, म्हणून सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. दुसऱ्या महायुद्धात आपलं विमान कुठलं, शत्रूचं कुठलं, हे ओळखायला शिकवण्यासाठी अमेरिकेतल्या शाळकरी पोरांनी याच मापाची लाकडी विमानं ढिगाने कोरली होती. हे ऐकल्यावर मी आधी धरणाचा हिशोब मांडला, सवयच ती. आमचं गाढवी नदीवरचं मातीचं धरण लांबीला सुमारे ५०० मीटर, उंचीला ३० मीटरच्या आसपास. या मापात ते ७ मीटर लांब आणि जेमतेम गुडघ्याएवढं भरेल. मिगचे खरे पंख टोकापासून टोकापर्यंत ७ मीटरच्या थोडे वर, म्हणजे माझ्या टेबलावर १० सेंटिमीटर. एवढ्याशा पंखांवर ते आवाजाच्या दुप्पट वेगाने जायचं, हे मला अजून पटलेलं नाही.

सूचनापत्रात अक्षरं कमी, बाण जास्त. आणि पहिल्याच पानावर प्रश्न: कुठलं विमान करायचं? एकाच डब्यातून वेगवेगळी होतात. उघड्या धातूचं चंदेरी की १९७१च्या लढाईतलं रंगवलेलं? पोटाखाली इंधनाची टाकी की बंदुकीचा पेटारा? दोन्ही तुकडे दिलेले, जागा एकच.

इथे मात्र मी रमलो. डब्यातल्या या एफएल जातीच्या मिगला स्वतःची बंदूकच नव्हती. क्षेपणास्त्रांवर भिस्त ठेवून ती काढलेली होती. मग २३ मिलिमीटरची दुनळी बंदूक पेटाऱ्यात घालून पोटाखाली टांगली. १२ डिसेंबर १९७१ला फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी कच्छच्या आखातावर पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं ते याच बंदुकीने. टाकी बाजूला ठेवली, पेटारा चिकटवला.

चिकटवला म्हणजे काय, तर वितळवला. हा डिंक नव्हे. बाटलीतला पातळ द्रव सांध्याला टेकवला की दोन्ही कडा विरघळून एक होतात. बोट मध्ये आलं तर त्याचा ठसाही कायमचा.

पुढे एक बाण नाकाकडे जात होता, शेजारी वजनाचं चित्र. नाक हलकं राहिलं तर विमान शेपटीवर बसतं म्हणे. वजन आणायचं कुठून? जलाशयावर मासेमारी करणाऱ्या एका ओळखीच्या ढिवराकडे जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या मागितल्या.

"काहून जी साहेब, मासोऱ्या धरता का आता?"

"विमानाच्या नाकात घालायच्या आहेत."

त्याने पुढे काही विचारलं नाही. गोळ्या मात्र मूठभर दिल्या. खऱ्या मिगच्या त्या टोकदार शंकूत रडार असतं. माझ्याकडे तिथे गाढवी नदीच्या जाळ्याचं शिसं आहे, आणि विमान तिन्ही चाकांवर नीट उभं राहतंय.

रंगाचं काम पावसाळ्यात करू नये, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. हवेत ओल असली की चंदेरी रंगावर पांढुरकी साय धरते. ऊन पडेपर्यंत थांबलो. केशरी, पांढरी, हिरवी गोल चिन्हं पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायची असतात. ती जागेवर बसेपर्यंत बायकोने मला श्वास घ्यायची आठवण करून दिली.

चौकटींवर अजून बरेच तुकडे उरलेत. "फेकू नका मामा, पुढच्या विमानाला लागतील," भाचा म्हणतो. पुढचं विमान करीन असं मी त्याला म्हटलेलं नाही. टाकी मात्र वेगळ्या डबीत ठेवली आहे.