वृक्षादनी कीं वृक्षरुहा?

अमरकोशाच्या वनौषधिवर्गांत ‘वन्दा’ या वनस्पतीला वृक्षादनी आणि वृक्षरुहा अशीं दोन नांवें दिलीं आहेत. एकाचा अर्थ झाडाला खाणारी, दुसऱ्याचा झाडावर वाढणारी. कोशांत हीं नांवें शेजारीशेजारी सुखानें नांदतात. परंतु आमच्या पेणच्या घरीं त्यांतून एकाची निवड करण्याचा प्रसंग आला.

तीन पावसाळ्यांपूर्वीं रोह्यास आमच्या मेहुण्यांच्या वाडींत आंब्याची एक फांदी वाऱ्यानें मोडून पडली. तिच्यावर ‘सीतेची वेणी’ होती. आमच्या धाकट्या सूनबाईनें फांदीचा तेवढा तुकडा आणून ओटीवर टांगला. वहिनींनीं तत्काळ निकाल दिला, “बांडगूळ तें! दुसऱ्याच्या जिवावर जगणारी वस्तु दारांत नको.” सूनबाई कांहीं बोलली नाहीं, आम्हांकडे पाहत नुसती उभी राहिली.

केवळ कोशानें हा वाद मिटण्यासारखा नव्हता. शास्त्राची साक्ष हवी होती. या दोहोंत वैर नाहींच. बालपण रोह्यास घालविलेले चिंतामणराव देशमुख संस्कृतज्ञ होते, आणि केंब्रिज येथें १९१७ सालीं वनस्पतिशास्त्राचें पारितोषिकही त्यांनीं मिळविलें होतें.

शास्त्र सांगतें तें असें. बांडगुळाचें मूळ सालींतून झाडाच्या काष्ठांत शिरतें आणि त्याचें पाणी व क्षार ओढून घेतें. ही खरी वृक्षादनी. सीतेची वेणी ही आमरी, म्हणजे ऑर्किडच्या कुळांतील. तिचीं जाड, पांढुरकीं मुळें सालीला केवळ बिलगतात. त्यांवरील स्पंजासारखें आवरण पावसाचें व दंवाचें पाणी टिपतें. अन्न ती स्वतःच्या हिरव्या पानांत सूर्यप्रकाशावर सिद्ध करते. जागा दुसऱ्याची, पण अन्न स्वतःचें. वहिनींनीं सर्व ऐकून घेतलें व “बघूं या” एवढेंच म्हटलें.

संगोपनाचे नियम या भेदांतूनच निघतात. माती मुळींच नको. ओंडक्यावर सुंभानें हलकेंच बांधावें, किंवा भोंकें पाडलेल्या कुंडींत कोळसा, विटांचे तुकडे व नारळाचें सोडण घालून बसवावें. सकाळचें कोंवळें ऊन व खेळती हवा असावी. दुपारचें ऊन टाळावें. मूळ पांढरें दिसलें म्हणजे पाणी द्यावें, हिरवें दिसे तोंवर थांबावें. ओंडक्यावरील रोपास उन्हाळ्यांत रोज सकाळीं शिंपण, थंडींत बेतानें. उघड्यावर असेल तर कोंकणचा पावसाळा त्याचें तो पाहून घेतो. नर्सरींतील फॅलिनॉप्सिसच्या गाभ्यांत मात्र पाणी सांचूं देऊं नये, गाभा कुजतो.

एकत्र कुटुंबांत या झाडास धोका उपेक्षेपेक्षां मायेचाच अधिक. तुळशीचें उरलेलें पाणी एक घालतो, तांदळाचें धुवण दुसरा. मुलें खेळतां खेळतां तिसरा तांब्या ओततात. म्हणून पाणी एकाच हातीं असावें. आमच्या घरीं तें सूनबाईकडे दिलें आणि त्यांत इतरांनीं हात घालावयाचा नाहीं असें ठरलें. घरांत तिच्या एकटीच्या मर्जीनें चालणारी ही पहिलीच गोष्ट.

हौसेपायीं रानांतून मात्र ओरबाडून आणूं नये. मुरूड व रोहा तालुक्यांतील फणसाड हें १९८६ पासून अभयारण्य आहे. तेथील वनस्पति परवानगीवांचून नेणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें निषिद्ध आहे.

गेल्या ज्येष्ठांत दोन घोस लोंबले. पांढऱ्या फुलांवर जांभळट गुलाबी ठिपके. आसामांत बिहूच्या नृत्यांत स्त्रिया हींच फुलें केसांत माळतात, असें सूनबाईनें सांगितलें, तें वहिनींनीं कौतुकानें ऐकलें. बांडगूळ हा शब्द पुन्हा निघाला नाहीं.

निवृत्तीनंतर आम्हीही मुलाच्या आश्रयानें राहतों. आश्रय घेण्यांत लाज नाहीं. ज्याच्या खांद्यावर बसलों त्याच्या काष्ठांत शिरूं नये, आणि आपल्या वाट्याच्या उन्हावर जें सिद्ध करतां येईल तें करीत राहावें, एवढें सांभाळलें म्हणजे पुरे.