ताईच्या फाईलमधलं पान

१९८५ च्या विंबल्डन फायनलला आमच्या घरात दोन तट होते. ताई क्रिस एव्हर्टची, मी मार्टिनाची. क्रिस दोन्ही हातांनी बॅकहँड मारायची, म्हणून ताई गच्चीवर फळकुट घेऊन तसाच सराव करायची. त्या दिवशी पहिला सेट क्रिसने घेतला, पुढचे दोन मार्टिनाने. रात्री ताई माझ्याशी बोलली नाही.

२०१६ मध्ये ताईचं पोट फुगायला लागलं. चार महिने ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. मग कळलं, अंडाशयाचा कॅन्सर, तिसरी स्टेज. उपचारांदरम्यान तिची जनुक तपासणी झाली. बीआरसीए-१ या जनुकात एक बदल सापडला होता, पण त्यापुढे लिहिलं होतं : अर्थ अनिश्चित. एवढ्यावरून बाकीच्यांनी काही करायची गरज नाही, असं आम्हाला सांगितलं गेलं. तेव्हाच्या माहितीप्रमाणे ते बरोबरच होतं. ताई दोन वर्षांत गेली. फाईल माळ्यावर गेली.

२०२२ च्या जानेवारीत क्रिसला अंडाशयाचा कॅन्सर झाल्याची बातमी वाचली. तिची धाकटी बहीण जीन, तीही व्यावसायिक टेनिसपटू, याच आजाराने फेब्रुवारी २०२० मध्ये गेली होती, ६२ व्या वर्षी. जीनच्याही तपासणीत बीआरसीए-१ मधला एक बदल सापडला होता आणि त्याचाही अर्थ तेव्हा लागला नव्हता. ती गेल्यानंतर तो घातक ठरला आणि घरच्यांना तसं कळवलं गेलं. क्रिसने तपासणी केली, तिच्यातही तोच निघाला. डिसेंबर २०२१ मध्ये तिने केवळ खबरदारी म्हणून शस्त्रक्रिया करून घेतली आणि काढलेल्या भागात कॅन्सर सापडला. पहिल्या स्टेजचा. तिने हे सगळं जगाला सांगितलं. पुढे तो उलटला, तेही सांगितलं.

मी वाचता वाचता उठले आणि माळ्यावर चढले.

जीनचं रक्त बदललं नव्हतं, जनुकातलं अक्षर बदललं नव्हतं. तोच बदल असलेली आणखी घरं सापडत जातात, त्या घरांत कोणाला काय झालं याच्या नोंदी संशोधक एकत्र लावतात, तेव्हा कुठे अशा अनिश्चित ओळीचा अर्थ लागतो. अंडाशयाचा कॅन्सर लवकर पकडणारी खात्रीची चाचणी अजून नाही. म्हणून तर या ओळीला एवढं मोल. ती मिळते कोणाकडून? कधी कधी, जिचा जीव आता वाचणार नाही अशा बाईच्या रक्तातून.

फाईलमधलं ते पान पिवळं पडलं होतं. ताईने पेन्सिलीने त्या ओळीभोवती गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं, ‘विचारायचं.’ विचारायचं राहून गेलं होतं.

मी विचारलं. ताईचा बदल आता घातक यादीत होता. माझी तपासणी झाली. माझ्यातही तो निघाला. त्याच वर्षी मी शस्त्रक्रिया करून घेतली. काढलेल्या भागात काही सापडलं नाही. शुद्धीवर आल्यावर मी ताईच्या नावाने रडले.

ताईची मुलगी तपासणीला पहिल्यांदा नको म्हणाली. आईकडून तो बदल येण्याची शक्यता निम्मी. तीन महिन्यांनी तिचा फोन आला, “मावशी, तू बरोबर येशील?”

लॅबमध्ये फॉर्म भरताना एका रकान्याशी ती थांबली. कुटुंबात हा बदल सर्वप्रथम कोणात आढळला? तिने पेन माझ्या हातात दिलं. मी ताईचं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट.