मरोळ नाक्याला उतर

अगं बये,

तुझं पत्र पोचलं. भंडारदऱ्याची चौकशी दोन ओळींत आणि मुंबईच्या मेट्रोची दोन पानं! संसार टोरांटोत, जीव मात्र अजून अंधेरी-कुर्ला रोडवर. आधी इथलं ऐक. पाऊस असा लागलाय की शेंडी गावच्या बाजारात छत्री उघडली की उलटी होते आणि वाळत घातलेले कपडे आधीपेक्षा ओले होतात. कळसूबाई आठवडाभर ढगात दडून बसली आहे.

तर मेट्रो. मध्यंतरी भाचीकडे मुंबईला गेले होते, मुद्दाम मरोळ नाक्याला उतरले. तुला सांगते, आपलं मरोळ आता दुमजली झालंय! वर एक मेट्रो, जमिनीखाली दुसरी. वरची तीच, जिचं भूमिपूजन 2006 मध्ये झालं आणि 2008 पासून जिच्या पत्र्यांनी आपला अर्धा रस्ता गिळला. तू गेलीस तेव्हा नुसते खांब उभे होते. 8 जून 2014 ला ती धावली, आणि पहिली गाडी चालवली रूपाली चव्हाण या मुलीने. मला उगाच घरच्या लेकीचं कौतुक वाटलं. वर्सोवा ते घाटकोपर अकरा-साडेअकरा किलोमीटर, बारा स्टेशनं, एकवीस मिनिटं. एकवीस! तेवढ्यात आपली 340 साकीनाक्याचा सिग्नलसुद्धा ओलांडत नसे. खरं सांगू? ती बस अशी रखडली नसती तर तुझं ते लांबलचक प्रेमप्रकरण मला पूर्ण कळलंच नसतं. मेट्रोत तू जेमतेम त्याच्या शर्टाच्या रंगापर्यंत पोचली असतीस.

गंमत पुढेच आहे. माझ्या पिशवीत भाचीसाठी काळभात तांदूळ. तपासणीच्या यंत्रातून पिशवी गेली आणि तिथल्या मुलीने विचारलं, "मावशी, यात काय?" म्हटलं, अकोल्याकडचा तांदूळ, शिजला की वासाने शेजारी दार वाजवतात. मागे रांग लागली होती, पण तिने पाणी किती घालायचं तेही विचारून घेतलं.

मग खालच्या मेट्रोत गेले. जिना उतरले, पुन्हा जिना, आणखी एक. मनात आलं, आता पाताळात तिकीट तपासतात की काय! हे खालचं स्टेशन ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालं, आधी आरे ते बीकेसी एवढंच. पुढच्या ऑक्टोबरात गाडी थेट कफ परेडला पोचली. बोगदे खणणाऱ्या यंत्रांना नद्यांची नावं दिली होती, माहितीये? मरोळच्या पाली मैदानातून खाली उतरलेलं असंच एक यंत्र सप्टेंबर 2018 मध्ये विमानतळाच्या टी-2 पाशी आरपार निघालं. आमची प्रवरा इथून निघून थेट नेवाशापर्यंत जाते तेव्हा कुठे तिला गोदावरी भेटते, आणि तुमच्या मरोळला नद्या घरपोच!

गाडी गारेगार, स्वच्छ. पण आरेतली झाडं 2019 मध्ये याच मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात पाडली, ते काही माझ्या मनातून जात नाही. भाची म्हणते, मावशी, तू प्रवास पण करतेस आणि कुरकुर पण. करते! आमचं विल्सन धरण 1910 ते 1926 बांधत होते. त्याच्या पाण्याखालीही कुणाची तरी शेतं गेलीच, आणि मी त्याच्याच काठावर बसून चहा पिते.

बरं, तू यायचं कसं ते नीट वाच. टी-2 ला उतर, खालच्या मेट्रोने एकच स्टेशन, मरोळ नाका. तिथून वरच्या मेट्रोने घाटकोपर. मग कसारा लोकल, कसाऱ्याहून जीपने घोटी, घोटीहून एसटी. फक्त मधे मरोळच्या बाजारात जाऊन सुके बोंबील घेण्याचा मोह होईल, तो आवर. आवरला नाहीच, तर घेऊन ये, पण गाडीत कुणी नाक दाबलं तर माझं नाव सांगू नकोस.

तुझीच