डोळा बघून काप

सांगली,
९ जानेवारी

चि. मुक्ता हिस,


तुझ्या मॉन्स्टेराचा फोटो पाहिला. नवं पान दुधासारखं पांढरंशुभ्र, हिरवा ठिपका औषधालाही नाही, आणि खाली तू लिहिलंस, 'आत्या, लॉटरी लागली!' माझ्या पोटात मात्र धस्स झालं. असं हे सलग दुसरं पान म्हणतेस, म्हणून आमच्या झाडाची गोष्ट नीट सांगते.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये तुझ्या काकांना या पांढऱ्या-हिरव्या कबऱ्या पानांचं वेड लागलं. जन्मभर ऊस लावलेला माणूस, कुंडीतल्या झाडांना नाक मुरडणारा. त्यांनी एका पानाच्या तुकड्याला साडेचार हजार मोजले. मी म्हटलं, दीड टन उसाचे पैसे गेले! पार्सल उघडल्यावर त्यांनी पानाकडे बघितलंच नाही. खोड उलटंसुलटं केलं, पेरावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "डोळा शाबूत आहे. टिपरी फुटणार."

फुटली. दुसऱ्या वर्षी एक अख्खं पांढरं पान आलं. गल्ली बघायला लोटली. पाठोपाठ दुसरं, मग तिसरं. शेंडा छाटायला हवा हे काकांना कळत होतं, पण कौतुकापुढे हात चालेना. महिन्याभरात पानांच्या कडा चहात बुडवल्यासारख्या तपकिरी झाल्या, पुढचं पान सुरळीतच अडकलं आणि शेंडा काळा पडला.

का, ते ऐक. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणजे तिथे चूल पेटत नाही. तो भाग हिरव्याच्या जिवावर जगतो. वाढत्या शेंड्यात हिरव्या आणि पांढऱ्या पेशींचे थर शेजारी शेजारी असतात. कोणत्या पेशींची सरशी होईल त्यावर पुढचं पान ठरतं. सगळ्या पांढऱ्या झाल्या तर झाड उपाशी, सगळ्या हिरव्या झाल्या तर जोमदार, पण साधं मॉन्स्टेरा. बी पेरून हे रूप हमखास मिळत नाही, म्हणून उसासारखं पेर कापूनच ते पुढे न्यायचं.

आता खोड बघ. त्यावर पांढरे-हिरवे पट्टे उभे उतरलेले दिसतील. प्रत्येक पेरावर बारीक फुगवटा असतो, तोच डोळा. डोळा नुसत्या पांढऱ्या पट्ट्यावर असेल तर फुटवा पांढरा, हिरव्यावर असेल तर हिरवा, आणि दोन्ही रंगांच्या सीमेवर असेल तर कबरं पान मिळायची आशा. आमच्या मेलेल्या शेंड्याखाली असाच एक सीमेवरचा डोळा झोपलेला होता. काकांनी अखेर माझी भाजीची सुरी घेतली आणि त्याच्या जरा वर खोड कापलं. पाच-सहा आठवड्यांनी तो फुटला. दिवाणखान्यातलं आजचं झाड त्या डोळ्याचं.

तू तेच कर, फक्त आमच्यासारखी तिसऱ्या पानाची वाट बघू नकोस. खालची कबरी पानं राखून योग्य डोळ्याच्या वर काप. सुरी आधी स्पिरिटने पूस. हातमोजे घाल, कारण हे झाड अळू-सुरणाच्याच कुळातलं. मूळचं मेक्सिको-पनामाच्या जंगलातलं असलं तरी खाज आपल्या ओळखीची.

कापल्यावर पाणी कमी लागेल. पानं कमी म्हणजे पिणारी तोंडं कमी. वरची दोन बोटं माती कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नकोस. माती भुसभुशीत हवी. आम्ही नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि पर्लाइट घालतो, तिकडे ऑर्किडसाठीची साल मिळेल. मोठी कुंडी देऊन लाड करू नकोस, ओल साचते आणि मुळं कुजतात.

टोरांटोत आत्ता जेमतेम नऊ तासांचा दिवस. खिडकीजवळ ठेव, पण थंड काचेला पान टेकू देऊ नकोस. वर झाडांचा दिवा बारा तास लाव. हीटरच्या झोतात पांढरा भाग आधी करपतो, म्हणून कुंडी तिथून हलव. पानांवर पाणी फवारल्याने घटकाभरच ओलावा राहतो. त्यापेक्षा ह्युमिडिफायर बरा.

कापलेला पांढरा शेंडा पाण्यात ठेवलास तर मुळं फुटतीलही, पण हिरवं नसल्याने तो तगणार नाही. फुलासारखा फुलदाणीत ठेव आणि टिकेल तितके दिवस डोळे भरून बघ.

काका शेजारी बसून हे वाचताहेत. म्हणतात, "तिला सांग, कापायच्या आधी फोटो पाठव. पानाचा नको, खोडाचा."

तुझी,
आत्या