'कन्व्हर्ट करून घ्या' म्हणजे नक्की काय?

'कन्व्हर्ट करून घ्या की, त्यात काय एवढं!' हे सभांमधलं सगळ्यात स्वस्त वाक्य. आमच्याकडच्या एका पतसंस्थेत नवे संगणक आले आणि डॉसच्या काळातला, १६ बिटचा हिशेबाचा प्रोग्राम उघडेनाच. काही भाग असेंब्लीत लिहिलेला. तेव्हाही हेच वाक्य ऐकलं. बातमीसाठी जरा खोलात गेलो.

असेंब्ली म्हणजे प्रोसेसरच्या सूचना माणसाला वाचता येतील अशा लिहिणं. त्याच्या दोन पद्धती. इंटेलच्या पद्धतीत 'कुठे ठेवायचं' आधी, 'काय ठेवायचं' नंतर. एटी अँड टीची बरोबर उलटी, वर डॉलरची आणि टक्क्याची चिन्हं. हा बदल सोपा. मोडीतला कागद बाळबोधमध्ये उतरवावा तसा. मजकूर तोच राहतो.

खरी गोम मोडमध्ये आहे. १९७८ चा ८०८६ हा १६ बिटचा, त्याची धाव १ एमबी मेमरीपर्यंत. १९८५ चा ३८६ हा ३२ बिटवर गेला, पण जुने प्रोग्राम चालवायची सोय त्याने ठेवली. २००३ मध्ये एएमडीने ६४ बिटचे प्रोसेसर आणले. त्यांच्या ६४ बिट मोडमध्ये ती सोय नाही. म्हणून ६४ बिट विंडोज डॉसचा प्रोग्राम थेट चालवत नाही.

एकच उदाहरण देतो. हेक्समधला ४० हा बाईट जुन्या मोडमध्ये म्हणजे 'एक मिळव'. ६४ बिटमध्ये तोच बाईट पुढच्या सूचनेचा नुसता उपसर्ग. अक्षर तेच, अर्थ निराळा! शिवाय फाइल, प्रिंटर यांसाठी प्रोग्राम डॉसला हाक मारतो आणि इथे ओ द्यायला डॉसच नाही. म्हणजे प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे कळणारा माणूस हवा आणि त्याच्या हातात सोर्स कोड हवा. इथे लिहिणारा कधीच गाव सोडून गेलाय आणि सोर्स कोड कुणी मागूनच घेतला नव्हता.

एम्युलेटरमध्ये प्रोग्राम आज चालेलही. पण ती कुबडी झाली. आत अडकलेत ते भाजीवाल्यांचे, शिक्षकांचे, विधवा बायांचे ठेवींचे हिशेब.

तेव्हा मंडळी, तुमच्या संस्थेच्या वार्षिक सभेत लाभांशासोबत दोन प्रश्न विचारा. सोर्स कोड कुणाच्या ताब्यात आहे? आणि आमच्या नोंदी कुठल्याही संगणकावर उघडतील अशा साध्या फाइलमध्ये दरवर्षी काढून ठेवता का? उत्तर लेखी मागा.